वस्तादांची पाठ

माझ्या सासऱ्यांची उघडी पाठ भोसरीतल्या निम्म्या पोरांनी पाहिलेली होती, पण मी कधी पाहिली नव्हती. आबा तालमीत दिवसभर लंगोटावर असायचे आणि घराच्या दारातच बंडी अंगात घालून मग आत यायचे. घरात सून आल्यापासून हा नेम. मी जालन्याकडची. आमच्याकडे कुस्ती म्हणजे जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून लांबून बघायची गोष्ट. लग्न होऊन इथे आले तेव्हा कळलं, की आपले सासरे म्हणजे सयाजी वस्ताद, आणि रस्त्यात कुणीही त्यांच्या पाया पडतं.

तर त्यांच्या पाठीवर काही झालंय हे मला कळलं ते लक्ष्मणरावांच्या तोंडून.

लक्ष्मणराव तालमीच्या कमिटीचे अध्यक्ष. एका रविवारी सकाळी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि कपाकडेच बघत म्हणाले, "वस्ताद, वाईट वाटून घेऊ नका. थोडे दिवस हौदात उतरू नका."

हौद म्हणजे तालमीतला लाल मातीचा आखाडा. आबा आयुष्यभर त्यात उभे राहिलेले.

"का वो?"

"पोरांच्या घरून फोन येतात. तुमच्या पाठीवर ज्या गाठी आहेत, ते मातीतून पोरांना लागलं तर, असं म्हणतात. बाहेर खुर्ची टाकून शिकवा. पण मातीत नको."

लक्ष्मणराव गेल्यावर आई बाहेर आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. त्यांचा आवाज मागच्या गल्लीपर्यंत जातो.

"ज्या मातीत ह्यांनी उभा जलम काढला, तितं ह्यांनीच पाय ठेवायचा न्हाई व्हय? आन तुमी आयकून घेतलं?"

"चतुरा, गप. लोकांची पोरं हायेत."

"आबा, मला बघू द्या," मी म्हणाले.

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. आईच म्हणाल्या, "दावा तिला. माज्या डोळ्याला आता काय दिसतंय? मी आपली खोबऱ्याचं त्याल लावतीया."

आबा भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांनी बंडी काढली. खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये, जरा डावीकडे, तीन गाठी होत्या. जांभळट लाल, गुळगुळीत, वरची कातडी ताणून चकाकत होती. सगळ्यात मोठी आवळ्याएवढी. तिच्याभोवती घामोळ्यासारखे बारीक लाल दाणे. बोट लावलं तर रबरासारख्या घट्ट लागल्या.

"दुखतं?"

"न्हाई."

"खाज?"

"खाज न्हाई, पू न्हाई. म्हून तर सोडून दिलं."

सोडून दिलं म्हणायचं, पण गाठी येऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात मेडिकलमधली दोन-तीन मलमं झाली होती, कडुनिंबाचं पाणी झालं होतं, एका डॉक्टरांच्या गोळ्या आणि एका वैद्यांचा लेप झाला होता. प्रत्येक वेळी आठवडाभर उतार पडल्यासारखं वाटायचं.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात काम करते. तिथल्या एका बाईंनी दिघी रस्त्यावरच्या डॉक्टर भाग्यश्री ओव्हाळ यांचं नाव सांगितलं. त्वचेच्या डॉक्टर. माझा नवरा दिग्विजय चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता, म्हणून मीच आबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि घेऊन गेले. एवढा मोठा माणूस मागे बसल्यावर माझी गाडी पुढून हलकी व्हायची.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. आबांना बघून उभ्या राहिल्या.

"वस्ताद, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या तालमीच्या मागच्या चाळीत आमची खोली होती. वडील कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होते. मी बारावीचा अभ्यास तुमच्या पोरांच्या शड्डूवर केलाय. पहाटे गजर लावायची गरजच नव्हती."

आबा ओशाळून हसले. "तरास झाला आसंल."

"मार्क चांगले पडले."

मग त्या कामाला लागल्या. पाठ बघितली, गाठी दोन बोटांत धरून बघितल्या, आणि तिथेच थांबल्या नाहीत. मान चाचपली, काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या, पोट दाबून बघितलं. ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घामाने कपडे भिजतात का, असं सगळं विचारलं. आबा प्रत्येकाला न्हाई म्हणत गेले.

"गळू असतं तर दीड वर्षात एकदा तरी पिकलं असतं," त्या म्हणाल्या. "नायटा असता तर खाजला असता. हे दोन्ही करत नाही. एक तुकडा काढून तपासू या."

बारीक नळीसारखं हत्यार घेऊन त्यांनी मसुराएवढा तुकडा काढला. आठवड्याने रिपोर्ट आला: कातडीखाली पांढऱ्या पेशी गोळा झाल्यात, कीटक चावल्याची वगैरे प्रतिक्रिया असू शकते. दिग्विजयने तो मोबाइलवर वाचला आणि जोरात म्हणाला, "बघ! मी म्हणत होतो ना, डास-बिस असेल."

आम्ही दोघं आबांना घेऊन आता मलम लिहून मिळेल म्हणून गेलो. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"हा रिपोर्ट चुकीचा नाही, अपुरा आहे. मी दिलेला तुकडा लहान होता. ह्या पेशी खालच्या थरात दाटलेल्या असतात, तिथपर्यंत तो पोचलाच नाही. आणि डास चावून आलेली गाठ दीड वर्ष वाढत राहत नाही. मला खोलवरचा, मोठा तुकडा लागेल."

"म्हणजे पुन्हा कापायचं?" दिग्विजय म्हणाला.

"हो."

दिग्विजय अजून काही विचारणार होता, पण आबा बंडी काढायला लागले होते. "घ्या बाई. पैल्या डावात गडी घावला न्हाई तर आमी बी दुसरा टाकतो."

ह्या वेळी टाके पडले. तुकडा पुण्याला डॉक्टर दीपमाला नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडे गेला. अशा पेशी ओळखण्यात त्यांचा हात बसलेला आहे, असं भाग्यश्रीबाई म्हणाल्या. पेशींना वेगवेगळे रंग लावून बघतात. कुठल्या जातीची पेशी कुठला रंग धरते त्यावरून ती ओळखू येते. त्यातला एक रंग लागला, की मग त्यावरून पुढचा कुठला लावायचा ते ठरतं. त्यामुळे वेळ लागला. आबा तोवर ओट्यावर बसून राहायचे. तालमीत खुर्ची टाकून शिकवायला ते एक दिवस गेले आणि परत आले. "खुर्चीत बसून पोराचा पाय कसा धरू?" म्हणाले. पुन्हा गेले नाहीत.

मग फोन आला. सगळ्यांनी या.

आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि आबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"वस्ताद, आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या काहींना बी-पेशी म्हणतात. तुमच्या त्यातल्या काही बिघडल्यात आणि कातडीत राहून वाढतायत. ह्याला त्वचेचा लिंफोमा म्हणतात. हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे. फार थोड्या लोकांना होतो. आणि तुमचा जो दिसतोय तो त्यातल्या सौम्य प्रकारांपैकी आहे."

आईंनी पदर तोंडाला लावला. दिग्विजय जमिनीकडे बघत राहिला. आबांनी विचारलं, "लागट हाय का?"

"काय?"

"लागट. मातीतनं, घामातनं पोरास्नी लागंल का?"

"नाही. मातीतून नाही, घामातून नाही, अंगाला अंग घासून नाही. एका ताटात जेवलात तरी नाही."

"नक्की?"

"नक्की, वस्ताद."

आबांनी मोठा श्वास सोडला. गेले कित्येक दिवस तो त्यांनी छातीत कोंडून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. "मग बोला फुडचं," ते म्हणाले.

दिग्विजय बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरपाशी रडला. मी त्याच्याजवळ उभी राहिले. रडू दिलं.

दोन दिवसांत त्याने कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीने एका मोठ्या हॉस्पिटलची वेळ घेतली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, सभ्यपणे सगळं समजावलं आणि सांगितलं: बी-सेल लिंफोमा आहे, पेशी मोठ्या आहेत, सहा वेळा केमो द्यावी लागेल, सोमवारी दाखल करा. घरी आल्यावर मी म्हणाले, "भाग्यश्रीबाईंना विचारल्याशिवाय नको."

"पिंकी, कॅन्सर म्हटल्यावर केमो लागतेच," दिग्विजय म्हणाला. "एवढं मोठं हॉस्पिटल सांगतंय. त्या एका दवाखान्यातल्या बाई आहेत."

"शोधलं कुणी? पहिल्या रिपोर्टवर तू तर डासाला धरून बसला होतास."

तो चिडला. पण दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर माझ्यासोबत आला.

मला वाटलं होतं, बाईंना राग येईल. त्यांनी तर त्या डॉक्टरांचीच बाजू आधी सांगितली. "त्यांची भीती उगाच नाही. मोठ्या पेशींचा एक प्रकार असतो, तो बहुतेक वेळा वयस्क माणसांच्या पायावर येतो, झपाट्याने वाढतो आणि त्याला केमो लागतेच. तो असता तर मीच तुम्हाला म्हटलं असतं, उद्या सकाळी दाखल व्हा. पण दीपमालाताईंनी नंतर आणखी रंग लावून बघितले. आबांच्या पेशी त्या जातीच्या नाहीत. तो दुसरा रिपोर्ट कालच आलाय. त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही."

"मग आता?"

"आता एकच प्रश्न उरलाय. हे त्वचेतच सुरू झालंय, की आत कुठल्या गाठीत सुरू होऊन बाहेर आलंय? आत असेल तर सगळ्या शरीराला औषध द्यावं लागेल, मी आडवी येणार नाही. फक्त त्वचेत असेल तर तेवढ्या जागेला रेडिएशन पुरतं. सगळ्या शरीराला केमो कशासाठी सोसायला लावायची?"

"आणि तुमचं चुकलं तर?" दिग्विजयने सरळ विचारलं.

"माझ्या शब्दावर ठरवूच नका. स्कॅन करू, हाडातल्या मगजाची तपासणी करू आणि त्यावर ठरवू."

त्यांनी आमच्यासमोरच त्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला. नव्या रिपोर्टमधला एकेक रंग वाचून दाखवला. पलीकडून थोडा वेळ प्रश्न आले. मग ते म्हणाले, हे असेल तर आधी स्कॅन, बरोबर आहे, सोमवारचं थांबवतो. दोघांचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. आमच्या घरात मात्र त्यावरून आदल्या रात्री भांडण झालं होतं.

पेट स्कॅनची वेळ मिळाली. त्यात शिरेतून एक खास साखर देतात. ज्या पेशींना भूक जास्त त्या ती साखर ओढून घेतात आणि पडद्यावर चमकतात. कॅन्सरच्या पेशी अशा भुकेल्या असतात. उपाशी या, आणि आदल्या दिवशी श्रम करू नका, असं सांगितलं होतं. मी आबांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा मान डोलावली.

स्कॅन झाल्यावर आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. मग आत बोलावलं. पडद्यावर आबांचा आकार होता, आणि त्यात खांदे चमकत होते, छाती चमकत होती, मांड्या तर पेटल्यासारख्या दिसत होत्या. दिग्विजयने आबांच्या देखत माझा हात धरला. तसं त्याने लग्नानंतर कधी केलेलं नव्हतं.

"सगळीकडे पसरलंय," तो म्हणाला.

स्कॅनचे डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मग आबांच्या मानेकडे आणि दंडांकडे बघायला लागले.

"बाबा, काम काय करता?"

"तालीम."

"काल काय केलंत?"

"कायी न्हाई. घरीच व्हतो."

"काहीच नाही?"

"न्हाई म्हंजी… जोर काढले. थोडे."

"थोडे म्हणजे?"

"पाचशे."

"आणि बैठका?"

"त्या हजार." आबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "ह्या पोरीनं सांगितलं व्हतं, श्रम करू नका म्हून. ते काय श्रम न्हाईत. महिनाभर मातीत उतरलो न्हाई, अंग सैल पडाय लागलं. गच्चीवर जाऊन जरा मोकळं केलं."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मनापासून हसले. आम्हाला काही कळेना.

"हे पसरलेलं नाही, हे स्नायू आहेत," ते म्हणाले. "मेहनत केली की स्नायूंना भूक लागते, ते साखर ओढतात. आमच्याकडे ह्या वयाची माणसं येतात, पण असे स्नायू येत नाहीत. फक्त ह्या उजेडात मला बाकीचं काही दिसत नाही. पुन्हा करावं लागेल."

दिग्विजय बाहेर येऊन बाकावर बसला आणि मान खाली घालून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता. मी भाग्यश्रीबाईंना फोन लावला. त्याही आधी हसल्या आणि मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "स्पीकरवर टाक. वस्ताद, तीन दिवस नुसतं बसायचं. जोर नाही, बैठका नाहीत, जिना नाही. समजलं?"

"समाजलं बाई."

आबांनी आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड मेहनत म्हणजे ते तीन दिवस. आईंनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. समोर खुर्ची टाकून भाजी निवडत पहारा द्यायच्या.

"अवो, मान का हालवताय?"

"माशी हाय."

"माशी न्हाई न काय न्हाई. गप बसा."

थोड्या वेळाने परत. "अवो, पायाची बोटं का दाबताय जमिनीला?"

"चतुरा, आता बोटं बी तोडून ठिवू का?"

दुसऱ्या स्कॅनला पडदा शांत होता. पाठीवर तेवढ्या गाठींच्या जागी उजेड, बाकी अंगात कुठे काही नाही. मगज काढायला कमरेच्या हाडात सुई घातली तेव्हा आबांनी हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, "ह्या सुईला मानलं आपण." त्या तपासणीतही काही निघालं नाही. फक्त त्वचेत. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतः दिग्विजयला फोन करून सांगितलं, की केमो नको, रेडिएशनच करा.

रेडिएशन आमच्या पिंपरीच्या बाजूलाच झालं. अडीच आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. मी ऑफिसच्या आधी आबांना घेऊन जायचे. पहिल्या दिवशी त्यांच्या पाठीवर पेनाने चौकट आखली आणि ती पुसायची नाही असं बजावलं. मशिनखाली पालथं झोपायचं, हलायचं नाही, थोड्या मिनिटांत काम संपायचं. तिथला टेक्निशियन मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका."

"कसलं टेन्शन? पालथं पाडलंय, चीत न्हाई केलं."

त्याला काही समजलं नाही. मी घरी येऊन दिग्विजयला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की पाठ जमिनीला टेकली की कुस्ती हरली. पालथा गडी अजून हरलेला नसतो.

शेवटच्या आठवड्यात पाठ उन्हाने भाजल्यासारखी लाल झाली. मलम दिलं होतं. आईंचे हात संधिवाताने आखडलेले, त्यांना जमेना. आबा एक दिवस स्वतःच माझ्यासमोर पाठ करून बसले. मी मलम लावत होते. गाठी बसायला लागल्या होत्या, मोठीसुद्धा सपाट झाली होती.

"पिंके, किळस न्हाई ना येत तुला?"

"आबा, तुमच्या पाठीपेक्षा दिग्विजयचे शिफ्टवरून आल्यावरचे मोजे वाईट असतात."

त्यांची पाठ हसण्याने हलायला लागली. मला मलम लावताच येईना.

दोन महिन्यांनी तिथे फक्त एक फिकट तपकिरी चट्टा राहिला. तेवढ्या जागेवरचे केस गेले, एवढंच. भाग्यश्रीबाईंनी नीट सगळं सांगितलं. "हे पुन्हा येऊ शकतं. दहातल्या तिघांना येतं. आलं तर बहुतेक कातडीवरच येतं, डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. पुन्हा घालवता येतं. ह्याने तुमचं आयुष्य कमी होईल असं मला वाटत नाही, वस्ताद. फक्त दाखवायला येत जा."

"आन माती?"

"आजपासून."

पण तालमीत जायला आबांचे पाय उचलेनात. चट्टा तर दिसतच होता, आणि फोन करणाऱ्या घरांना कोण समजावणार? हे मी बाईंना बोलून गेले. पुढच्या रविवारी त्या सकाळी सातला आबांना आणि मला सोबत घेऊन तालमीच्या दारात हजर. लक्ष्मणराव गडबडले. आमच्या तालमीत बाई माणूस आत येत नाही. बाईंनी चपला काढल्या आणि विचारलं, "इथूनच बोलू की आत येऊ?"

लक्ष्मणरावांनी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "आत या."

पोरं होती, काही पोरांचे आईबाप आले होते. बाईंनी त्यांना सांगितलं, की वस्तादांना जे झालं होतं ते कुणाचं कुणाला लागत नाही, आता ते बरंही झालंय. आणि मग सगळ्यांसमोर आबांच्या पाठीवर सपाट हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता तुम्ही सगळे ओळीने उभे राहा," त्या पोरांना म्हणाल्या.

पोरं उभी राहिली. बाईंनी एकेकाची मान, दंड, पोटऱ्या बघितल्या. निम्म्याहून जास्त पोरांना नायटा निघाला. गोल गोल, कडा लाल झालेला, खाजवून खाजवून पसरलेला.

"लक्ष्मणराव, लागट हे आहे," त्या म्हणाल्या. "वस्तादांना बाहेर बसवलंत आणि हे मातीत लोळतंय."

त्याच आठवड्यात सगळ्या पोरांना औषधं झाली, टॉवेल वेगळे झाले. आबा सोमवारी पहाटे हौदात उतरले. मी स्वयंपाकघरात होते. आई दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तालमीकडून शड्डूचा आवाज आल्यावर आत येऊन म्हणाल्या, "चहा टाक गं. माजा बी."

दीड वर्ष नीट गेलं. मग गेल्या फेब्रुवारीत आबा एक दिवस कुणाला न सांगता शेअर रिक्षाने दिघी रस्त्याला जाऊन आले. जेवताना म्हणाले, "डाव्या दंडावर बारकं आलंय. बाईंनी तुकडा घेतला."

दिग्विजयचा घास हातात राहिला. "बाबा, सांगायचं तरी."

"सांगतूय की. तेच हाय, दुसरं कायी न्हाई आसं दिसतंय, म्हनल्या. हातावर मावंल यवढं रेडिएशन. दोन खेपा." आणि आईंकडे ताट सरकवलं. "आमटी वाढ."

रिपोर्ट तसाच आला. स्कॅन पुन्हा झाला आणि ह्या वेळी आबा आधीचे तीन दिवस शहाण्यासारखे बसून राहिले. आत काही नव्हतं.

रेडिएशनच्या दुसऱ्या खेपेला मी हाफ डे घेतला होता. सकाळी लवकरच काम झालं. मी स्कूटर काढली, तर मागे बसत आबा म्हणाले, "घराकडं नको. खेडच्या बाजूला घे."

"खेडला? कशाला?"

"जत्रा हाय खेडच्या पुढं एका गावात. आपलं पोरगं लढतंय."

"आबा, विश्रांती घ्या म्हणाले तिथे."

"बसून कुस्ती बघनं ही इश्रांतीच की."

चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत आम्ही अर्धा तास उन्हात उभे होतो. आबा मागून मला पोराचे डाव समजावून सांगत होते. मी आरशात बघितलं, तर हातवारे चालले होते, आणि डाव्या हाताचेही. गावात पोचलो तेव्हा मैदान भरलेलं होतं. आबांना पंचांनी ओढून नेलं. मी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावातल्या बायकांबरोबर चढले. त्यांनी मला शेंगा दिल्या आणि कुठला गडी कुणाचा ते सांगितलं.

आबांचा पठ्ठ्या चांगला उभा होता. हलगी चढली, दोघांनी एकमेकांना जोखत खडाखडी केली, आणि मला नीट काही दिसायच्या आतच तो उताणा पडलेला होता. समोरच्या गावाने टोप्या उडवल्या.

आबा उठून थेट मातीत गेले. पोरगं मान खाली घालून उभं होतं. आबांनी त्याच्या पाठीवरची माती स्वतःच्या हाताने झाडली आणि ट्रॉलीवर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ओरडले, "पाय कुठं व्हता तुजा? पाय?"

माझा फोन वाजत होता. दिग्विजय. तिसऱ्यांदा. मी खाली उतरून आबांकडे गेले आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"बाबा, कुठे आहात? काय झालं?"

"काय व्हायचंय? हरलं आपलं पोर. डावा पाय मागं घेतलाच न्हाई त्यानं. शंभरदा सांगितलं व्हतं."

"अहो, रेडिएशनचं विचारतोय मी."

"ते व्हय? ते झालं की सकाळीच," आबा म्हणाले, आणि फोन मला परत देऊन पुन्हा त्या पोराकडे वळले.